गळ्याचं माप

४ जानेवारी

ति. अप्पा,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे आहे. भिंती पत्र्याच्या, पण उत्तरेला मोठी खिडकी आहे आणि लेथ चालू केला तरी जमीन हादरत नाही. महिन्याभरात परत येशील, असं तुम्ही म्हणाला होतात. तीन महिने झाले.

मी भांडायला लिहीत नाहीये. बोर्डाचं झालं ते झालं. 'आणि चिरंजीव' असं रंगवून घेताना पेंटरची शिडी मला धरायला लावलीत, तेवढं नसतं केलंत तर बरं झालं असतं. असो.

मला काम मिळालंय. इथल्या अग्निशामक दलाच्या बँडला बारा बॅगपाइप हवेत. मागच्या वर्षी गोदामाच्या आगीत त्यांची चार माणसं गेली. एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या आठवणीचं संचलन आहे, त्यात वाजवायचे आहेत. बँडमास्तरांनी विचारलं, "जमेल ना बाई?" मी हो म्हणून बसले.

पिशव्यांचं मला सांगायला नको. तेवीस वर्षं आपल्या कारखान्यातली प्रत्येक पिशवी माझ्या हातची आहे. घुमणाऱ्या तिन्ही नळ्या मला येतात. हातभर लाकडातून सरळ भोक पाडणं तर माझ्याशिवाय आपल्याकडे कुणाला जमतच नव्हतं. अडलंय ते सुराच्या नळीशी, जिच्यावर बोटं फिरतात तिच्याशी. तिचं भोक वर अरुंद आणि खाली रुंद होत जातं, एवढं बाहेरून दिसतं. पण ते भोक आतून तासणारा निमुळता रीमर हातात घ्यायची वेळ आली की तुम्ही मला बाहेर काढून कडी लावायचात. दादाला आत घ्यायचात, आणि तो स्टुलावर बसून पेंगायचा.

अप्पा, रीड बसते तिच्या खाली जो सगळ्यात बारीक गळा असतो, तो केवढा ठेवायचा? आणि रीड कशी तासायची? एवढं सांगा, पुन्हा काही मागणार नाही. हात कापत असेल तर वहिनी लिहून देईल.

तुमची,
ठकी


१५ जानेवारी

चि. ठकी,
अ. आ.

अक्षर तुझ्या वहिनीचं, शब्द माझे. तिला मध्ये नाक खुपसायची परवानगी नाही.

पत्र्याच्या खोलीत बसून ठकी बॅगपाइप करणार, हे ऐकून दादा पोट धरून हसला. मी नाही हसलो. म्हटलं, चला, एक तरी पोर काहीतरी करायला निघालं.

आधी वस्तू काय आहे ते डोक्यात बसव. लोकांना वाटतं माणूस फुंकतो म्हणून ती वाजते. फुंकण्यानं नुसती पिशवी भरते. फुंकणीच्या आतल्या टोकाला चामड्याचा पडदा असतो, हवा आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. वाजवणारा श्वास घ्यायला थांबला की काखेतली पिशवी दाबतो, म्हणून सूर तुटत नाही. पिशवी म्हणजे त्याचं तिसरं फुफ्फुस. दाबलेली हवा चार वाटांनी बाहेर पडते. तीन घुमणाऱ्या नळ्या, त्या जन्मभर एकच सूर धरून बसतात, तुझ्या दादासारख्या. चौथी सुराची नळी. तिच्या डोक्यात रीड. बोरूच्या दोन पातळ पट्ट्या तांब्याच्या इवल्या नळीवर समोरासमोर बांधलेल्या. हवा त्यांच्यामधून घुसली की त्या एकमेकींवर आपटतात, सेकंदात शेकडो वेळा उघडतात आणि मिटतात. आवाज तिथे जन्मतो. पण ती नुसती बोंब असते. त्या बोंबेचा सूर करतो तो गळा.

गळा साडेचार मिलिमीटर. पाठ कर आणि कागद जाळ. माझ्या बापानं हे मला मरताना सांगितलं, त्याआधी चौदा वर्षं मी त्याच्या शिव्या खाल्ल्या. तुला टपालाच्या तिकिटात मिळतंय.

रीड मधोमध जाड ठेव, ओठांशी कागदाइतकी पातळ. घाईनं तासू नकोस.

अप्पा


२ फेब्रुवारी

ति. अप्पा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही, हसाल. कागद जाळला. तेवीस वर्षं जे दाराआड राहिलं ते तुम्ही असं पत्रातून दिलंत, मला वाटलं नव्हतं.

पहिली नळी झाली. पिशवीला जोडली, मेणदोऱ्यानं आवळली आणि फुंकली. खालचे सूर असे भरून आले, की सायकलवाले काका हातात पाना घेऊनच दारात उभे राहिले. पण वरचे तीन सूर खाली बसतात, अप्पा. घुमणाऱ्या नळ्यांशी भांडतात. जोर वाढवला तर फाटतात. रीड चार वेळा तासली, दोन नव्या केल्या. तेच.

रागावू नका, पण गळा मोठा तर होत नाही ना? आईनं माझ्या वाटणीचं म्हणून ठेवलेलं ते काळं लाकूड मी वापरतेय. त्यातून बरोबर बारा नळ्या निघतील, तेरावी नाही. म्हणून बाकीच्या अकरांना हात लावण्याआधी विचारतेय.

ठकी


११ फेब्रुवारी

चि. ठकी,
अ. आ.

साडेचार म्हणजे साडेचार. मी काय भाजी निवडत आकडे सांगतो?

नवं लाकूड कोरडं ठणठणीत असतं. महिनाभर तोंडची वाफ प्यायलं की फुगतं आणि गळा आपसूक आवळतो. तोवर वरचे सूर लोळणारच. माझ्याही पहिल्या नळीचे लोळले होते, बापानं ती माझ्या पाठीत घातली होती. बाकीच्या अकरा ह्याच मापाच्या कर. एक जरी वेगळी निघाली तर तो बँड नव्हे, कुत्र्यांचं भांडण होईल. आणि दुसऱ्या कुठल्या कारागिराला दाखवायला जाऊ नकोस. बापानं पोरीला काही शिकवलं नाही म्हणून माझी शोभा होईल.

एक सांगतो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझा कान कच्चा आहे, ठके. लहानपणापासून आहे. त्यात तुझा दोष नाही. कच्च्या कानाच्या माणसानं आकड्यावर विश्वास ठेवावा.

वेळेवर जेवत जा. दादानं शिवलेली पिशवी परवा गिऱ्हाइकासमोर पादली. तुझी आठवण आली.

अप्पा


२० मार्च

ति. अप्पा,
सा. न. वि. वि.

बाराही वाद्यं काल दलाकडे पोचवली. तुम्ही सांगितलंत तसं रोज एकेक नळी फुंकून भिजवत होते. गालफडं सुजली. वरचे सूर थोडे सुधारलेत, किंवा माझ्या कानाला त्यांची सवय झाली.

बँडमास्तरांनी दोन वाजवून पाहिली आणि भुवई वर केली. मी म्हटलं, "नवं लाकूड आहे, बसेल." ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी चार घरांची माणसं समोर बसणार आहेत." मी म्हटलं, "माप माझ्या वडिलांचं आहे." तुमचं नाव त्यांना माहीत होतं. मग त्यांनी वाद्यं आत नेऊन ठेवायला सांगितली.

तुम्ही या ना. सोळा एप्रिल, सकाळी आठ, दलाच्या मैदानात. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगते. माझं कौतुक नका करू, नुसते बसा.

ठकी


२८ मार्च

चि. ठकी,
अ. आ.

माझ्या गुडघ्यांना तुझं कौतुक झेपणार नाही. दादा येईल. त्याला बँडमास्तरांच्या शेजारी बसव.

अप्पा


१९ एप्रिल

ति. अप्पा,
सा. न. वि. वि.

दादानं सांगितलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐका.

आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता, सकाळी बोचरा वारा होता. मैदानात चार रिकाम्या खुर्च्या ठेवून त्यांवर चौघांची शिरस्त्राणं ठेवली होती. समोर घरची माणसं. बारा जणांनी पिशव्या भरल्या, घुमणाऱ्या नळ्या सुरू झाल्या, आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते छान होतं. पहिली ओळ खालच्या सुरांत होती, ती निभावली. मग चाल वर चढली आणि बारा नळ्या बारा वाटांनी गेल्या. गारठ्यानं आणखीच बिघडल्या. किंचाळल्यासारखं होत होतं. वाजवणाऱ्यांनी घाबरून पिशव्या जोरात दाबल्या, तसे सूर फाटले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी हसू दाबायला लागलं. चौघांत जो सगळ्यात लहान होता त्याची आई समोरच होती. तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

बँडमास्तरांनी मध्येच हात वर केला. बारा पिशव्यांतली हवा एकदम सुटली आणि सुटताना अशी ओरडली, की पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. उरलेलं संचलन नुसत्या ढोलावर झालं.

ती आई नंतर माझ्याकडे आली. मला वाटलं मारेल. ती हळूच म्हणाली, "आमच्या पोरांसाठी हेच मिळालं का तुम्हाला?" मारलं असतं तर बरं झालं असतं.

दादा शेवटी लांबून दिसला, बँडमास्तरांशी बोलत होता. माझी बाजू सावरत असेल. त्याला सांगा, मी विसरणार नाही.

तुमचंच खरं. आकडा बरोबर होता, कान माझा कच्चा. वाद्यं परत आलीत, बाराही नळ्या कोपऱ्यात उभ्या आहेत. लाकूड काढता येतं, परत घालता येत नाही. मी घरी येऊ का? बोर्डाखालून ये-जा करायला मला आता काही वाटणार नाही.

ठकी


२७ एप्रिल

चि. ठकी,
अ. आ.

ये.

पहिल्यासारखी भोकं पाडायची, पिशव्या शिवायच्या. आतल्या खोलीत पाय ठेवायचा नाही. गिऱ्हाईक आलं की मागच्या दारानं बाहेर जायचं, कारण तुझं तोंड आता लोकांच्या लक्षात राहिलंय.

दलाचं काम दादानं घेतलं. बँडमास्तर भला माणूस. त्याला एवढंच हवं होतं, की करणारा हात वेगळा असावा. दादानं सांगितलं, ती आमच्याकडे नुसत्या पिशव्या शिवायची. बारा लाकडं आणून ठेवलीत, त्यांना सरळ भोकं हवीत. पंधरा दिवसांत ये.

अप्पा


१९ जून

ति. अप्पा,
सा. न. वि. वि.

मी आले नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. सामान बांधून झालं होतं. लेथ सायकलवाल्या काकांच्या ओसरीत ठेवायचा म्हणून दोघं जण तो उचलत होते, तेव्हा एक म्हातारा आला. दलातून कधीच निवृत्त झालेला, दात नाहीत, पण बॅगपाइप सोडवत नाही. पिशवी चिरली होती, ती बदलून हवी होती. मी पेटी उघडली. सुराच्या नळीवर तुमच्या तीन कोरलेल्या रेघा.

अप्पा, तुम्ही केलेली नळी मी पहिल्यांदा एकटी असताना हातात धरली. पिशवी बदलून ती वाजवली. वरचे सूर असे उभे राहिले, जसे खिळ्यावर टांगलेत. तेव्हा मी पोलादी सळ्या घेतल्या, एकीपेक्षा एक किंचित जाड, आणि गळ्यात घालून पाहिल्या. चार मिलिमीटरची बरोबर बसली. सव्वाचारची अडकली. साडेचारची तर तोंडही आत घालेना. म्हाताऱ्याच्या दोस्ताकडे तुमचीच आणखी एक होती. तिचाही गळा चार. गळ्यापासून तळापर्यंत दोन्हींचं भोक आणि रीड, सगळं मोजून उतरवून घेतलं.

मग लेथ पुन्हा लावला. जुन्या बाजारातून शिसवी पलंगाचा एक पाय आणला आणि त्याची नळी केली. गळा चार. म्हातारा वाजवत होता, मी डोळे मिटून ऐकत होते. माझा कान कच्चा नाही, अप्पा.

एवढंच विचारते. वहिनीच्या हातून लिहिण्यात चूक झाली का? तुम्ही चार म्हणालात आणि तिनं साडेचार लिहिलं का? हो म्हणा. मी मानीन. दोनदा चूक झाली असंही मानीन.

ठकी


३० जून

वन्सं,
नमस्कार.

अप्पा म्हणाले, "लिही तिला, तुझ्याच हातून चुकलं म्हणून." तेच लिहायला बसले होते. पण हे पत्र मी त्यांना दाखवणार नाहीये.

जानेवारीत त्यांनी आधी चारच सांगितलं होतं. मी लिहिलंही होतं. मग म्हणाले, "तो कागद फाड. साडेचार लिही." मी विचारलं, "अप्पा, चार की साडेचार?" तर म्हणाले, "चारनं ती कायमची जाईल. साडेचारनं परत येईल." मी लिहिलं. आकडा चांगला वळणदार काढला, तुम्हाला वाचता यावा म्हणून.

मला वाईट वाटलं असं म्हटलं तर खोटं होईल. तुम्ही गेल्यापासून ह्यांना एक भोक सरळ पाडता आलेलं नाही. दलाच्या बारांपैकी नऊ लाकडं गिरमिट वाकडं जाऊन फुकट गेली. तुम्ही परत याव्यात असं मलाही वाटत होतं, कशा याव्यात याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. घर चाललं पाहिजे.

संचलनाचं तुमचं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं. त्या आईचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "आता येईल."

तुमची वहिनी


९ जुलै

अप्पा,

वहिनी, हे पत्र मोठ्यानं वाच. आतल्या खोलीचं दार उघडं ठेव, दादालाही ऐकू जाऊ दे.

सुराच्या नळीचा गळा चार मिलिमीटर. तिथून पाच सेंटिमीटर खाली भोक सव्वासहा. दहावर नऊ. पंधरावर साडेअकरा. विसावर चौदा. तळाशी एकवीस. रीडच्या ओठांची जाडी आणि तांब्याच्या नळीची लांबी शेवटी दिली आहे, तीही वाच.

ह्या कागदाच्या मी हातानं नकला केल्या. मला ठाऊक असलेल्या सातही कारागिरांना एकेक पाठवली, खाली लिहिलं, हे कुणाचं माप आहे ते. आठवी सायकलच्या दुकानाच्या दारावर चिकटवलीय. काका पंक्चर काढताना म्हणतात, चार, सव्वासहा, नऊ. त्यांना पाठ झालंय. आता तुमच्या आतल्या खोलीला कडी लावा की दारच काढून टाका, आत काही उरलेलं नाही.

मी येणार नाही. सरळ भोक कसं पडतं ते दादानं मला विचारू नये.

तुमच्या बापानं तुम्हाला मरताना हे दिलं. तुम्ही मरताना कुणाला काय देणार, ते आता बघा.

ठकी


२१ जुलै

वन्सं,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं वाचलं, दार उघडं ठेवून. ह्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हे कशाचे आकडे?"

अप्पा डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "मापं पुन्हा वाच. सावकाश." वाचली. बोटं पांघरुणावर हलत होती, नळीवर हलतात तशी. शेवटी हसले. तुमच्या जाण्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "एक आकडा चुकलाय तिचा."

मी विचारलं, "कोणता?"

"ते तिनं शोधावं," म्हणाले, आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठवायला गेले तर उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात, बोलणं परत येण्याची आशा धरू नका. ऐकू येतं, समजतं. हो असेल तर डोळे मिटतात.

आकडा खरंच चुकलाय की तुम्हाला टोचायला म्हणाले, मला कळत नाही. ह्यांना तर नाहीच.

तुमची वहिनी


२५ जुलै

वहिनी,

म्हाताऱ्याची नळी मी परत मागून आणली. सळ्या नव्यानं घासून घेतल्या. तीनदा मोजलं, मापं तीच येतात. पलंगाच्या पायाची नळी वाजते तीही चांगली. म्हातारा म्हणतो चांगली वाजते, काका म्हणतात चांगली वाजते. पण परवापासून मला तिचा वरून तिसरा सूर किंचित खाली वाटतोय. सातांपैकी दोघांनी माझ्या आकड्यांवरून रीमर करायला टाकलेत.

सोबत एक कागद आहे. त्यावर आकडे मोठे काढलेत, एकाखाली एक. तो त्यांच्यासमोर धर. वरून खाली एकेका आकड्यावर बोट ठेव, 'हा चुकलाय का?' असं विचार आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघ. घाई करू नकोस, प्रत्येकावर थांब. जिथे डोळे मिटतील तो उलट टपाली कळव. मिटले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धर.

आणि हसले, तर कोणत्या आकड्यावर हसले तेही लिही.

ठकी